मेंढ्या हाकणारा कुत्रा मेंढ्यांची राखणही करू शकतो का?

शिट्टी वाजते, काळा-पांढरा बॉर्डर कॉली जमिनीसरशी वाकतो आणि बघता बघता अख्खा कळप फाटकातून आत जातो. समाजमाध्यमांवर असे व्हिडिओ हमखास दिसतात. ते पाहून शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या कुणाच्याही मनात एक प्रश्न येऊ शकतो. इतका हुशार कुत्रा कळपाजवळ ठेवला, तर रात्री लांडगा आणि बिबट्याही लांब राहील का?

या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर 'नाही' असं आहे. बॉर्डर कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, केल्पी यांसारख्या जाती कळप हाकण्यासाठी तयार झाल्या आहेत. कळप राखण्यासाठी जगभरात वेगळ्या जाती वापरल्या जातात. ही दोन्ही कामं मेंढ्यांभोवतीच चालतात, पण त्यांसाठी लागणारा स्वभाव जवळपास उलटा असतो. त्यामुळे चुकीचा कुत्रा निवडला, तर लांडग्यापासून संरक्षण मिळत नाहीच, शिवाय कुत्र्यामुळेच कळपाचं नुकसान होऊ शकतं.

हे असं का होतं, समजून घेऊया.

हाकणं आणि राखणं यात नेमका फरक काय?

हाकणाऱ्या कुत्र्याचं काम मालकाने सांगितलं की सुरू होतं आणि मालकाने थांबवलं की संपतं. कळप गोळा करणं, एका कुरणातून दुसऱ्यात नेणं, मागे राहिलेल्या जनावराला वळवून आणणं, ही त्याची कामं. तो शिट्टी, हाक आणि हाताच्या खुणा समजून घेतो. काम संपलं की मालकासोबत घरी जातो.

यातही वेगवेगळे प्रकार आहेत. बॉर्डर कॉली कळपाला वळसा घालून पुढून येतो आणि नजर रोखून मेंढ्यांना मालकाकडे आणतो. ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग आणि कॉर्गी गुरांच्या मागच्या पायांना हलका चावा घेऊन त्यांना पुढे ढकलतात. जर्मन शेफर्डचं मूळ काम आणखी वेगळं होतं. कुंपण नसलेल्या शेतांच्या कडेने येरझाऱ्या घालायच्या आणि मेंढ्यांना शेजारच्या पिकात शिरू द्यायचं नाही. म्हणजे तो चालतं-फिरतं कुंपण होता.

राखणदार कुत्रा मात्र मालकाची वाट पाहत नाही. तो दिवसरात्र कळपातच राहतो, मेंढ्यांसोबत चालतो आणि त्यांच्यातच झोपतो. त्याचं बहुतेक काम रात्री आणि पहाटे असतं. त्या वेळी हुकूम द्यायला कुणीही जवळ नसतं. कुठला आवाज धोक्याचा आणि कुठला नाही, कधी भुंकायचं आणि कधी पुढे जायचं, हे सगळं तो स्वतः ठरवतो. ग्रेट पिरेनीज, इटलीचा मारेम्मा, तुर्कस्तानचा कंगाल आणि अकबाश, हंगेरीचा कोमोन्दोर या त्यातल्या काही प्रसिद्ध जाती.

हाकणाऱ्या कुत्र्याच्या वागण्यात शिकार कुठून आली?

लांडगा शिकार करतो तेव्हा त्याच्या हालचालींचा एक ठरलेला क्रम असतो. आधी सावज हेरायचं, मग नजर रोखायची, दबकत पुढे सरकायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, ठार करायचं आणि शेवटी फाडून खायचं. कुत्रा हा लांडग्याचाच वंशज असल्यामुळे हा क्रम त्याच्याकडे वारशाने आला आहे. माणसाने हजारो वर्षं निवडून पैदास करताना यातले काही टप्पे वाढवले, काही दाबले.

बॉर्डर कॉलीमध्ये नजर रोखणं, दबकणं आणि पाठलाग करणं हे टप्पे मुद्दाम वाढवले गेले. पकडणं आणि ठार करणं हे टप्पे दाबले गेले. म्हणजे मेंढ्या हाकणं ही अर्ध्यावर थांबवलेली शिकारच आहे. व्हिडिओत दिसणारी ती प्रसिद्ध रोखलेली नजर आणि जमिनीसरशी चाल शिकाऱ्याचीच आहे.

आता ही अर्ध्यावर थांबलेली शिकार थांबलेलीच राहावी, यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे प्रशिक्षण आणि दुसरी म्हणजे मालकाचं लक्ष. हाकणारा कुत्रा कळपासोबत रात्रभर एकटा सोडला, तर या दोन्ही गोष्टी तिथे नसतात. मेंढी हलली की त्याला तिच्या मागे जावंसं वाटतं. त्याला काम हवं असतं आणि समोर मेंढ्या असतात, म्हणून तो त्यांना उगाचच गोळा करत राहतो, कोपऱ्यात दाबून धरतो. एखादा उतावीळ कुत्रा त्यांची लोकर ओढतो, चावाही घेतो. त्याच्या दृष्टीने तो आपलं काम करत असतो.

राखणदार कुत्रा यापेक्षा वेगळा कसा?

राखणदार जातींमध्ये शिकारीचा हा क्रम जवळपास सुरूच होत नाही. पिढ्यान् पिढ्या मेंढपाळांनी मेंढ्यांमागे धावणारी पिल्लं बाजूला काढली आणि शांत राहणारी ठेवली. त्यामुळे चांगल्या राखणदार कुत्र्यासमोरून कोकरू उड्या मारत गेलं, तरी तो फारशी दखल घेत नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील हॅम्पशायर कॉलेजचे जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर आणि त्यांच्या पत्नी लोर्ना कॉपिंजर यांनी या कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. राखणदार कुत्र्यामध्ये तीन गुण हवेत, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. पहिला गुण म्हणजे कळपावर लक्ष, म्हणजेच मेंढ्या जातील तिकडे त्यानेही जाणं. दुसरा विश्वासार्हता, म्हणजे मेंढ्यांना त्याच्याकडून इजा न होणं. आणि तिसरा संरक्षण, म्हणजे अनोळखी प्राणी आल्यावर आडवं येणं.

हाकणारा कुत्रा पहिल्या दोन कसोट्यांवरच अडकतो. त्याचं लक्ष मालकाकडे असतं. मालक घरी गेला की त्यालाही घरीच जायचं असतं. आणि मेंढ्यांच्या बाबतीत त्याच्यावर देखरेखीशिवाय विसंबता येत नाही.

राखणदार कुत्रा म्हणजे लांडग्याशी झुंजणारा योद्धा, असा एक समज आहे. प्रत्यक्षात झुंज क्वचित होते. तो भुंकतो, कळपाभोवती लघवीने हद्द आखतो, कळप आणि पाहुणा यांच्या मधे उभा राहतो. शिकारी प्राण्यालाही जखमी होणं परवडत नाही. हेरणं, दबकणं, पाठलाग हा त्याचा क्रम मधेच मोडला, तर बऱ्याचदा तो शिकार सोडून निघून जातो. म्हणूनच अंगाने मोठा आणि जागचा न हलणारा कुत्रा उपयोगी पडतो.

इथे वजनाचाही प्रश्न येतो. बॉर्डर कॉलीचं वजन साधारण १४ ते २० किलो असतं. ग्रेट पिरेनीज किंवा कंगाल नर सहज ५० किलोपर्यंत जातो. भारतीय लांडगा साधारण २० किलोच्या आसपास असतो, पण तो अनेकदा जोडीने किंवा टोळीने येतो. नर बिबट्या ५० ते ७० किलोंचा असू शकतो. वीस किलोचा कुत्रा त्याच्यासमोर राखणदार ठरत नाही, तो स्वतःच सावज ठरतो.

मेंढ्यांना हा फरक कळतो का?

कळतो, आणि हाकण्याचं सगळं तंत्र त्यावरच उभं आहे. हाकणाऱ्या कुत्र्याची नजर पाहून मेंढ्या बिचकतात, एकमेकींना चिकटतात आणि त्याच्यापासून लांब सरकतात. त्या घाबरल्या नाहीत, तर कुत्र्याला त्यांना हलवताच येणार नाही. दहा मिनिटांच्या कामासाठी ही भीती चालते. पण तोच कुत्रा चोवीस तास कळपात असेल, तर मेंढ्यांना नीट चरता येत नाही आणि रवंथ करायला निवांत बसता येत नाही. गाभण मेंढ्यांना सतत पळवलं गेलं, तर गाभ जाण्याचाही धोका असतो.

राखणदार कुत्र्याच्या बाबतीत हे उलट घडतं. मेंढ्या त्याला कळपातलाच मानू लागतात. तो भुंकला की अनेक कळप त्याच्या मागे किंवा त्याच्याभोवती गोळा होतात.

मग हे दोन प्रकार वेगवेगळे तयार कसे झाले?

याचं उत्तर बरंचसं भूगोलात आहे. ज्या भागात लांडगे आणि अस्वलं टिकून राहिली, तिथे मेंढपाळांना राखणदार हवे होते. स्पेन-फ्रान्समधला पिरेनीज पर्वत, इटलीतला अब्रुत्सी, बाल्कन प्रदेश, अनातोलिया, कॉकेशस, मध्य आशिया आणि हिमालय हा सगळा पट्टा राखणदार कुत्र्यांचा आहे. ही परंपरा जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोल्युमेला याने मेंढपाळाचा कुत्रा पांढरा असावा, असं लिहून ठेवलं आहे. अंधुक उजेडात लांडगा समजून आपल्याच कुत्र्यावर वार होऊ नये, हे त्याचं कारण. मारेम्मा आणि ग्रेट पिरेनीज आजही पांढरेच आहेत.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं होतं. इंग्लंडमधून लांडगे सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच संपले आणि पुढच्या दोनेक शतकांत स्कॉटलंडमधूनही नाहीसे झाले. शिकारी उरला नाही, पण डोंगरांवर विखुरलेल्या मेंढ्या गोळा करण्याचं काम उरलं. त्यामुळे तिथे हाकणाऱ्या कुत्र्याला महत्त्व आलं. १८७३ मध्ये वेल्समधील बाला इथे मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा झाली. आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जाणारा 'ओल्ड हेम्प' हा कुत्रा १८९३ मध्ये जन्मला. शांतपणे नजर रोखून काम करण्याची शैली त्याच्याकडून पुढच्या पिढ्यांत गेली. म्हणजे ही जात जिथे आणि जेव्हा आकाराला आली, तिथे लांडगाच नव्हता. राखणीचा गुण तिच्यात कुणी शोधलाच नाही.

जिथे दोन्ही गरजा होत्या, तिथल्या मेंढपाळांनी एकाच कुत्र्याकडून दोन्ही कामं करून घेतली नाहीत. त्यांनी दोन वेगळे कुत्रे ठेवले. हंगेरीत लहानखुरा पुली दिवसा मेंढ्या हाकायचा आणि धिप्पाड कोमोन्दोर रात्री राखण करायचा. पिरेनीजमध्ये ग्रेट पिरेनीज राखणीला असतो. कळप वळवण्याचं काम छोटा पिरेनियन शेफर्ड करतो. शतकानुशतकं मेंढ्यांवर पोट असलेल्या लोकांनी काढलेला हा तोडगा या प्रश्नाचं सर्वांत बोलकं उत्तर आहे.

नावातच 'शेफर्ड' आहे, मग गोंधळ कुठे होतो?

गोंधळाचं एक मोठं कारण नावंच आहेत. इंग्रजीत मेंढपाळाला शेफर्ड म्हणतात आणि मेंढपाळाच्या दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांना हे नाव चिकटलं आहे. काही उदाहरणं पाहा:

- जर्मन शेफर्ड: हाकणारा
- ऑस्ट्रेलियन शेफर्ड: हाकणारा (ही जात प्रत्यक्षात अमेरिकेच्या पश्चिम भागात तयार झाली)
- पिरेनियन शेफर्ड: हाकणारा
- अनातोलियन शेफर्ड: राखणदार
- कॉकेशियन शेफर्ड: राखणदार
- मारेम्मा शीपडॉग: राखणदार
- ओल्ड इंग्लिश शीपडॉग: हाकणारा

श्वानसंस्थांच्या वर्गीकरणानेही हा गोंधळ पूर्ण सुटत नाही. अमेरिकन केनेल क्लबने १९८३ मध्ये हाकणाऱ्या जातींचा स्वतंत्र गट केला. ग्रेट पिरेनीज आणि अनातोलियन शेफर्ड त्यांच्याकडे वेगळ्या गटात आहेत. पण एफसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पहिल्या गटात बॉर्डर कॉलीसोबत मारेम्मा आणि कोमोन्दोरही येतात. त्यामुळे नाव किंवा गट पाहून निर्णय घेता येत नाही. ती जात मूळ कुठल्या कामासाठी पाळली गेली, हेच पाहावं लागतं.

जर्मन शेफर्डबाबत आणखी एक गल्लत होते. तो पोलिसांत आणि लष्करात वापरला जातो, घराची राखण करतो, म्हणून तो कळपही राखेल असं वाटतं. पण घराची राखण म्हणजे माणसाशी आणि जागेशी असलेली निष्ठा. कळपाच्या राखणीत निष्ठा मेंढ्यांशी लागते आणि कळप तर रोज जागा बदलतो. अनोळखी माणसावर धावून जाणारा कुत्रा कोकरांमध्ये शांत बसेलच, असं नाही.

प्रत्यक्ष अनुभव काय सांगतो?

अमेरिकेत हा विषय १९७० च्या दशकात ऐरणीवर आला. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सरकारी जमिनींवर हिंस्र प्राण्यांना विष घालण्यावर निर्बंध आणले. मेंढपाळांना कायोटींपासून, म्हणजे कोल्ह्यासारख्या तिथल्या रानटी प्राण्यापासून, वाचण्यासाठी दुसरा उपाय हवा होता. कॉपिंजर दाम्पत्याने युरोप आणि तुर्कस्तानातून राखणदार जातींची पिल्लं आणली आणि पुढच्या काळात हजाराहून अधिक कुत्रे शेतकऱ्यांकडे दिले. आयडाहो राज्यातील ड्युबॉइस इथल्या सरकारी मेंढी संशोधन केंद्रातही याच सुमारास चाचण्या सुरू झाल्या. हाकणारे कुत्रे अमेरिकेत आधीपासून मुबलक होते. तरीही राखणीसाठी समुद्रापलीकडून वेगळे कुत्रे आणावे लागले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

नामिबियात शेतकरी शेळ्या-मेंढ्यांच्या नुकसानीमुळे चित्त्यांना गोळ्या घालत असत. तिथल्या चीता कन्झर्व्हेशन फंडने १९९४ पासून शेतकऱ्यांना कंगाल आणि अनातोलियन शेफर्ड जातीची पिल्लं द्यायला सुरुवात केली. जनावरं वाचू लागली, तसं चित्ते मारण्याचं कारणही कमी झालं. भारतात चित्त्यांसाठीच्या प्रकल्पातले पहिले आठ चित्ते २०२२ मध्ये याच नामिबियातून आले होते.

ऑस्ट्रेलियातलं उदाहरण तर पेंग्विनचं आहे. व्हिक्टोरिया राज्यातील वॉर्नम्बूलजवळच्या मिडल आयलंडवर ओहोटीच्या वेळी कोल्हे चालत जाऊन छोट्या पेंग्विनना मारत. २००५ पर्यंत तिथे दहाहूनही कमी पेंग्विन उरले होते. कोंबड्या राखण्यासाठी मारेम्मा वापरणाऱ्या एका स्थानिक शेतकऱ्याच्या कल्पनेतून २००६ मध्ये हे कुत्रे बेटावर नेले गेले आणि पेंग्विनची संख्या पुन्हा वाढली. २०१७ मध्ये कुत्रे बेटावर नसताना कोल्हे शिरले आणि मोठी हानी झाली. राखण म्हणजे सतत हजर असणं, हे त्यातून पुन्हा दिसलं.

फ्रान्सचा अनुभव वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. तिथून संपलेले लांडगे इटलीमार्गे परत आले आणि १९९२ मध्ये आल्प्समधील मर्कांतूर राष्ट्रीय उद्यानात दिसले. मधल्या काळात तिथल्या मेंढपाळांची राखणदार कुत्रे वापरण्याची सवय मोडली होती. ती पुन्हा लावावी लागली. ग्रेट पिरेनीज कुरणांवर परतले, पण त्याच वाटांवरून जाणाऱ्या गिर्यारोहकांशी त्यांचे खटके उडू लागले. म्हणजे योग्य जात आणली की प्रश्न मिटतो, असंही नाही.

राखणदार कुत्रा तयार कसा होतो?

जात ही फक्त सुरुवात असते. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार नाजूक असतो. या काळात ते ज्यांच्यासोबत राहतं, त्यांना आपलं मानायला शिकतं. अमेरिकी संशोधक जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथात कुत्र्यांमधल्या या काळाची सविस्तर मांडणी केली. मेंढपाळांना ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून अनुभवाने माहीत होती.

म्हणून राखणीसाठीचं पिल्लू सात-आठ आठवड्यांचं असतानाच मेंढ्यांमध्ये सोडतात. त्याला माणसांची ओळख असावी लागते, नाहीतर डॉक्टरला हातही लावता येत नाही. पण त्याचं घर मेंढ्यांजवळ असावं लागतं. घरात लाडात वाढलेलं ग्रेट पिरेनीजचं पिल्लू दोन वर्षांचं झाल्यावर कळपात सोडलं, तर ते दारातच येऊन बसण्याची शक्यता जास्त.

वयात येताना राखणदार जातीचा कुत्राही चुका करतो. खेळता खेळता कोकरामागे धावतो, कान चघळतो. तेव्हा त्याला लगेच थांबवावं लागतं. साधारण दीड-दोन वर्षांचा झाला की तो भरवशाचा होतो. तोवर एखाद्या जाणत्या कुत्र्यासोबत ठेवणं हा सर्वांत चांगला मार्ग मानला जातो.

हाच प्रयोग बॉर्डर कॉलीच्या पिल्लावर केला तर? ते मेंढ्यांना आपलं मानायला शिकेलही, पण त्याचं रक्त बदलत नाही. मोठं झाल्यावर नजर रोखणं आणि पाठलाग जागा होतोच. दोन्ही जातींचा संकर करून दोन्ही गुण एकत्र आणण्याची कल्पनाही अनेकांना सुचते. पण पिल्लांमध्ये कुठले गुण येतील, हे सांगता येत नाही. राखणदाराचा आकार आणि हाकणाऱ्याची पाठलागाची ओढ एकाच कुत्र्यात आली, तर मेंढ्यांसाठी तो मोठाच धोका ठरतो.

हाकणाऱ्या कुत्र्याचा राखणीत काहीच उपयोग नाही का?

थोडा आहे. त्याचे कान तिखट असतात आणि तो लगेच भुंकतो. माणूस जवळपास असेल, तर हा इशारा कामाचा असतो. आइसलँडचे मेंढ्या हाकणारे कुत्रे आकाशातल्या पक्ष्यांवरही भुंकतात. कोकरांवर झेपावणाऱ्या मोठ्या पक्ष्यांमुळे त्यांना ही सवय लागल्याचं मानलं जातं. अमेरिकेतला इंग्लिश शेफर्ड हा शेतघरावरचा बहुकामी कुत्रा आहे. अंगणातल्या कोंबड्यांजवळ आलेल्या छोट्या प्राण्यांना तो हुसकावतो.

पण या सगळ्यात माणूस जवळ असतो आणि शत्रू लहान असतो. मोकळ्या माळावर रात्रभर कळपासोबत एकटं राहणं हे वेगळं काम आहे.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

हिमालयात राखणदार कुत्र्यांची परंपरा जिवंत आहे. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळांचा गद्दी कुत्रा आणि जम्मू-काश्मीरमधील बकरवालांचा बकरवाल कुत्रा ही त्याची उदाहरणं. बिबट्या मानेवर झेपावतो म्हणून तिथे कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काटेरी पट्टा घालतात.

महाराष्ट्रात धनगर मेंढपाळ मेंढ्या घेऊन पावसाच्या आणि चाऱ्याच्या मागे शेकडो किलोमीटर फिरतात. त्यांच्या वाड्यावरचे कुत्रे बहुतेक गावठी असतात. त्यांच्याकडे जातीचं प्रमाणपत्र नसतं, पण पिल्लं जन्मापासून कोकरांमध्ये वाढतात, कळपासोबत चालतात आणि रात्री वाड्याभोवती बसतात. संशोधकांनी सांगितलेल्या संगोपनाशी ही पद्धत बरीच जुळते. शिवाय या कुत्र्यांना इथलं ऊन सोसतं.

त्यांची मर्यादा बिबट्यासमोर दिसते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या खाद्याचा अभ्यास झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा असल्याचं आढळलं. म्हणजे उसाच्या पट्ट्यात एकटा कुत्रा बांधून ठेवणं हे बिबट्याला आमंत्रण ठरू शकतं. तिथे कुत्र्यापेक्षा वरूनही बंद असलेला पक्का गोठा जास्त उपयोगी आहे. लांडग्याच्या बाबतीत मात्र दोन-तीन सावध कुत्रे आणि जागा माणूस यांचा खरा फायदा होतो.

महाराष्ट्र-कर्नाटकात ओळखीचे असलेले कारवान आणि मुधोळ हे कुत्रेही अनेकांना राखणीसाठी योग्य वाटतात. पण ते वेगाने धावून शिकार पकडणारे कुत्रे आहेत. हलणाऱ्या गोष्टीमागे सुटणं हाच त्यांचा गुण आहे. त्यामुळे कळपात एकटं सोडण्यासाठी तेही योग्य नाहीत.

परदेशी राखणदार जाती आणण्यातही अडचणी आहेत. व्यापारी पैदाशीसाठी कुत्र्यांच्या आयातीवर २०१६ मध्ये बंदी घालण्यात आली होती. मार्च २०२४ मध्ये केंद्राने धोकादायक म्हणून ज्या २३ जातींवर बंदीची सूचना राज्यांना केली, त्यांत कंगाल, अकबाश आणि कॉकेशियन शेफर्ड हे राखणदारही होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. तरी दाट वस्तीच्या भागात पन्नास किलोचा, स्वतःच्या मताने वागणारा कुत्रा मोकळा ठेवणं ही मोठी जबाबदारी आहे, हे उरतंच.

कळपासाठी कुत्रा घेण्याआधी काय पाहावं?

- शत्रू कोण आहे? भटके कुत्रे, लांडगा आणि बिबट्या यांच्यासाठीचे उपाय वेगळे आहेत. बिबट्याच्या भागात आधी गोठा पक्का करावा.
- माणूस रात्री जवळ असतो का? असेल तर भुंकून जागं करणारा कुत्राही पुरतो. नसेल तर फक्त कळपात वाढलेला राखणदारच चालतो, तोही एकटा नव्हे.
- आई-बाप काय काम करतात? राखणीचं पिल्लू राखण करणाऱ्या कुत्र्यांचंच घ्यावं. धनगराच्या वाड्यावरचं पिल्लू दुकानातल्या महागड्या पिल्लापेक्षा या कामात सरस ठरू शकतं.
- पिल्लाचं वय काय? सात-आठ आठवड्यांचं पिल्लू थेट शेळ्या-मेंढ्यांजवळ वाढवावं.
- लसीकरण आणि नसबंदी होईल का? कुत्र्यांमधले रेबीज आणि डिस्टेंपर लांडग्यांपर्यंत पोहोचतात. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचंही जनुकीय तपासणीत दिसलं आहे. भारतात लांडग्यांची संख्या दोन-तीन हजारांच्या आसपासच आहे. त्यामुळे ही काळजी कळपाइतकीच लांडग्यांसाठीही गरजेची आहे.

कळप रोज इकडून तिकडे न्यायचा असेल, तर बॉर्डर कॉलीसारखा मदतनीस मिळणं कठीण. पण संध्याकाळी काम संपलं की त्याला कळपातून बाहेर काढून बांधावं किंवा घरी न्यावं. रात्रीची राखण त्याच्यावर सोडू नये.